विकावयाच्या घरातील गिझर

दिवाळी उलटली की आपल्या पाली परिसरात पहाटेचा गारठा वाढतो आणि न्हाणीघराची खिडकी बंद होते. याच दिवसांत एक प्रश्न वरचेवर कानी येतो. मुले पुण्यास स्थिरावलेली, आईवडील गावचे घर विकून तिकडे जाण्याच्या बेतात, आणि न्हाणीघरात १० वर्षांचा जुना गॅस गिझर. घर विकायचेच असेल, तर नव्या गिझरवर खर्च कशाला?

व्यवहाराच्या दृष्टीने शंका रास्त आहे. गिझर पाहून घराची किंमत कोणी वाढवीत नाही; घेणारा पुष्कळदा न्हाणीघरच नव्याने बांधतो. परंतु खरेदीखत होईपर्यंत तेथे स्नान आपणच करणार आहात, आणि व्यवहार ठरता ठरता एखादा हिवाळा सहज निघून जातो.

बंदिस्त जागेत गॅस जळताना प्राणवायू अपुरा पडला की कार्बन मोनॉक्साइड निर्माण होतो. त्यास रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट जखडतो. डोकेदुखी, मळमळ, भोवळ ही लक्षणे वृद्धांत ‘बीपी’ किंवा अशक्तपणा म्हणून खपून जातात. कोविडकाळात घरोघरी आलेला ऑक्सिमीटरही येथे फसवतो. विषबाधा झालेली असतानाही तो ९८ दाखवू शकतो. एकामागून एक स्नाने झाली, तर नंतरच्यास धोका अधिक. आणि आपल्याकडे शेवटचे स्नान बहुधा घरातील बाईचे असते.

म्हणून न्हाणीघराच्या आतील गॅस गिझर आजच बंद करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. विक्रीसाठी म्हणून सौर बंब बसविण्याची मात्र आवश्यकता नाही. आयएसआय चिन्हाचा साधा विजेचा गिझर, अर्थिंग तपासून, पुरेसा आहे. जाताना तो सोबत नेता येतो. पाण्याचे तापमान ५० अंशांच्या वर ठेवू नये. मधुमेहाने बधिर झालेल्या पायांना चटका वेळेवर कळत नाही. जुना गिझर ‘घराबरोबर फुकट’ म्हणून भिंतीवर ठेवू नये. तो उतरवूनच घर ताब्यात द्यावे. घेणाऱ्याच्याही घरी म्हातारी माणसे असतील.

तोवर आतून कडी लावू नये. कोणी आत कोसळल्यास दार उघडून प्रथम त्यास मोकळ्या हवेत आणावे, गॅस बंद करावा, आणि रुग्णालयात पोहोचताच ‘गॅस गिझर होता’ हे डॉक्टरांना न विसरता सांगावे.