खिशांतलें कुलूप

घराचें कुलूप किती मजबूत असावें, असें विचारलें तर सर्वजण एकच उत्तर देतील. पण तें दिवसांतून दहा वेळां उघडावयाचें कोणी, असा दुसरा प्रश्न येतांच उत्तर पालटूं लागतें. जुने वाडे बांधणाऱ्यांना हें ठाऊक होतें. अडसराचा थोरला दरवाजा त्यांनीं केला आणि रोजच्या जाण्यायेण्यासाठीं त्यांतच लहानशी दिंडी ठेविली. आपल्या खिशांतील स्मार्ट कार्डाच्या बाबतींत हाच प्रश्न आज गणितज्ञांपुढें उभा आहे. त्याचा थोडा विचार आम्ही येथें करणार आहों.

या कार्डावरील सोनेरी चौकोनाखालीं नखाहून लहान असा एक संगणक असतो. त्याला स्वतःची वीज नसते. यंत्रांत घातल्यावर अथवा यंत्राजवळ धरल्यावर जी मिळेल, तेवढीवर त्यानें काम उरकावयाचें. चालू कामापुरती त्याची स्मृति पुष्कळदां कांहीं हजार बाइटांचीच असते. एवढ्या तुटपुंज्या संसारांत तो गुप्त किल्ली सांभाळतो, आणि ती बाहेर न काढतां 'मी खराच आहें' हें समोरच्या यंत्रास पटवून देतो.

असें पटविण्याची एक रीत म्हणजे गणिताची सही. १९७७ सालीं रिव्हेस्ट, शमीर व ॲडलमन यांनीं शोधिलेल्या सहीचें बळ एवढ्यांतच आहे कीं, दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार करणें सोपें, पण गुणाकारावरून त्या संख्या शोधणें अत्यंत दुर्घट. १९९४ सालीं पीटर शोर यांनीं सिद्ध केलें कीं, पुरेसा मोठा क्वांटम संगणक निर्माण झाल्यास हें दुर्घट काम सुकर होईल. वक्ररेषांच्या गणितावर आधारलेली नंतरची आटोपशीर सहीही त्याच तडाख्यांत सांपडते.

असें यंत्र अद्यापि झालेलें नाहीं. मग आजच चिंता कां? कोणी असें विचारील, तर त्यानें आपल्या घरांतील कागदपत्रांकडे पाहावें. आपल्या देशांत २०२४ सालापासून चिप असलेलीं पारपत्रें देण्यांत येऊं लागलीं, आणि प्रौढाचें पारपत्र १० वर्षें चालतें. आज केलेली सही इतक्या वर्षांनंतरही खरी ठरली पाहिजे.

अमेरिकेच्या मानक-संस्थेनें ऑगस्ट २०२४ मध्यें क्वांटम यंत्रासमोरही टिकतील अशा रीतींचीं तीन मानकें प्रसिद्ध केलीं. त्यांतील दोन सह्यांचीं आहेत. पण वक्ररेषांची प्रचलित सही ६४ बाइटांत मावते, तर नव्यांपैकीं एकीस निदान २,४२० आणि दुसरीस निदान ७,८५६ बाइट लागतात. कार्डाच्या जुन्या बोलीप्रमाणें एका उत्तरांत फार तर २५६ बाइट जातात. म्हणजे जेथें एका निरोपानें भागत असे, तेथें निदान दहा निरोप धाडावे लागणार. तिकिटाच्या फाटकाशीं रांग खोळंबली कीं लोक असल्या कार्डाला कंटाळतील. आणि कंटाळलेला मनुष्य पिन कार्डाच्याच पाठीवर लिहून ठेवतो! तेथें मग चोराला क्वांटम यंत्राची गरज काय?

यावर उपाय दिंडीचाच आहे. सर्वत्र सारखें ओझें नको. बँकेशीं थेट जोडलेल्या यंत्रावरील व्यवहारांत मुख्य भिस्त कार्ड व बँक या दोघांसच ठाऊक असलेल्या किल्लीवर असते. तिला शोर यांची युक्ति लागू पडत नाहीं. किल्ली पुरेशी लांब असली म्हणजे झालें. रिझर्व्ह बँकेनें १ जानेवारी २०२१ पासून ५,००० रुपयांपर्यंतच्या स्पर्शविरहित व्यवहारास पिनवांचून मोकळीक दिली, तीही एक दिंडीच होय. अवजड सही पारपत्रासारख्या दीर्घायुषी वस्तूंसाठीं राखावी.

दुसरी गोष्ट एस्तोनियानें शिकविली. तेथील सुमारें साडेसात लाख ओळखपत्रांच्या चिपमध्यें किल्ल्या बनविण्याची रीत सदोष असल्याचें २०१७ सालीं उघडकीस आलें. नोव्हेंबरांत सरकारनें तीं प्रमाणपत्रें स्थगित केलीं. पण कार्डें फेंकावीं लागलीं नाहींत. लोकांनीं घरबसल्या अथवा कचेरींत जाऊन त्याच कार्डांत नवी किल्ली बसवून घेतली. ती नवी रीतही वक्ररेषांचीच, म्हणजे क्वांटम यंत्रापुढें न टिकणारी होती. म्हणून तिच्यापेक्षां कुलूप बदलतां येण्याची ती सोयच अधिक मोलाची, असें आम्हांस वाटतें.

तेव्हां गृहस्थांनीं भयभीत होऊं नये, व 'क्वांटम-सुरक्षित' अशा नुसत्या पाटीवर भुलूंही नये. कार्ड देणाऱ्यास एवढेंच विचारावें कीं, उद्यां कुलूप कच्चें ठरल्यास तें कार्ड न टाकतां बदलतां येईल काय, आणि घरांतील वृद्धांस तें कोणाच्या मदतीवांचून वापरतां येईल काय. या दोहोंचें उत्तर होकारार्थी मिळालें, तरच तें कुलूप घरांत आणण्याजोगें समजावें.