आईचे नाव, जन्मतारीख आणि पत्ता
बँकेच्या ग्राहक सेवेला फोन लावला की ओळख पटवण्यासाठी जन्मतारीख, आईचे नाव आणि नोंदवलेला पत्ता विचारतात. ही माहिती फक्त खातेदारालाच ठाऊक असते, हे त्यामागचे गृहीतक. छत्रपती संभाजीनगरात ते लंगडेच पडते. जुन्या पिढीतल्या कितीतरी जणांची जन्मतारीख शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून लिहिली आणि पुढे तीच सगळ्या कागदपत्रांवर चढली. भामट्याला ती अंदाजाने सांगता येते. खऱ्या खातेदाराला मात्र घरात सांगितलेला पोळ्याच्या आसपासचा जन्म आठवतो आणि तो अडकतो. आईचे नाव तर दहावीच्या गुणपत्रिकेवरच छापलेले असते. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत ते वडिलांच्या नावाआधी लिहिणे राज्याने बंधनकारक केले आहे. मग त्यात गुपित ते काय उरले? शिवाय लग्नात नाव बदललेल्या आईचे कोणते नाव सांगायचे, हा घोळ वेगळाच. पत्त्याचेही तेच: २०२३ मध्ये शहराचे नाव बदलले, पण जुन्या नोंदींत औरंगाबादच राहिले. उलट बँकेच्या नावाने फोन आला, तर बोलणारा खरा की खोटा हे ग्राहकाने ओळखायचे कसे? त्यासाठी बँकांनी सेवाविषयक फोन १६०० ने सुरू होणाऱ्या क्रमांकांवरूनच करावेत, असे रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ मध्ये सांगितले.