मूठ थांबविण्याचे शिक्षण

बुद्धाच्या विचाराने चालणाऱ्या निवासी शाळेत मुलांना ठोसे आणि लाथा शिकवाव्यात काय, असा प्रश्न पालकांकडून वारंवार विचारला जातो. विचारणाऱ्यांच्या मनात पंचशीलातील पहिले शील असते आणि ते असणे योग्यच आहे. या प्रश्नाला उत्तर म्हणून बहुधा बोधिधर्माची कथा सांगितली जाते : भारतातून चीनला गेलेल्या या भिक्षूने शाओलिन विहारात युद्धकला शिकविली आणि कराटे तिचीच संतती होय. आम्ही ही कथा पुढे करीत नाही. इतिहासाच्या अभ्यासकांना तिच्यासाठी भक्कम पुरावा मिळालेला नाही, आणि चिकित्सा हा ज्यांच्या धम्माचा भाग आहे त्यांनी सोयीची दंतकथा ढाल म्हणून वापरू नये.

खरा दुवा आहे तो अधिक साधा आहे. 1922 साली ओकिनावाचे शिक्षक गिचिन फुनाकोशी यांनी टोकियोत या कलेचे प्रात्यक्षिक केले. तेव्हा तिचे नाव ‘चिनी हात’ अशा अर्थाच्या अक्षराने लिहीत. पुढे फुनाकोशींनी त्याच उच्चाराचे ‘रिक्त’ या अर्थाचे अक्षर स्वीकारले. चिनी-जपानी बौद्ध सूत्रांत शून्यतेसाठी हेच अक्षर येते, याची त्यांना पूर्ण जाणीव होती. तथापि नुसत्या नावाच्या अर्थाने समोरच्याचे नाक शाबूत राहत नाही. त्यासाठी मूठ वेळेवर थांबविता यावी लागते, आणि ती थांबविता येणे हे अंकगणिताइतकेच शिकवून येणारे कौशल्य आहे. आमचा सगळा आग्रह एवढ्यासाठीच आहे.

जपानी भाषेत त्याला ‘सुनदोमे’ म्हणतात. ‘सुन’ हे सुमारे 3 सेंटिमीटरचे जुने माप. लक्ष्याच्या तेवढे अलीकडे थांबणे म्हणजे सुनदोमे. पुष्कळांना वाटते की संयम म्हणजे हळू मारणे. वर्गातही ‘सांभाळून’ असे ओरडून सांगितले की मुले हात ढिला सोडतात, अर्ध्यावरून मागे घेतात. तो संयम नव्हे, ती टाळाटाळ होय. त्यात मारणाराही काही शिकत नाही आणि अडविणाराही. संयमित ठोसा पूर्ण वेगाने जातो, हात पुरा लांबतो, कंबर वळून संपते, क्षणभर सर्व स्नायू आवळले जातात, आणि हे सारे शरीराच्या किंचित अलीकडे घडते. म्हणजेच मूठ हाताने थांबत नाही, ती पायांनी थांबते. अंतर अगोदर पायांनी मोजलेले असते. अपघात बहुतेक तेव्हा होतात जेव्हा दोघेही एकाच क्षणी पुढे येतात. मोजलेले अंतर मध्येच नाहीसे होते आणि थांबणारा ठोसा लागणारा होतो. म्हणून समोरच्याची हालचाल ओळखणे हाही संयमाचाच भाग आहे.

याचसाठी जुन्या शिक्षणक्रमात पायऱ्या होत्या. प्रथम गोहोन कुमिते, म्हणजे पाच पावलांचा ठरलेला हल्ला. मग तीन पावलांचा सानबोन. मग एकाच हल्ल्याचा किहोन इप्पोन. हल्ला करणारा आधी मोठ्याने सांगतो, ‘जोदान’ म्हणजे डोक्यावर, ‘चुदान’ म्हणजे धडावर. त्यानंतर जियू इप्पोन आणि सर्वांत शेवटी मुक्त कुमिते, ज्याला आपली मुले ‘फाइट’ म्हणतात. आज पदकांच्या घाईत मधल्या पायऱ्या गाळल्या जातात. सहा महिन्यांत मुलाला ‘फाइट’मध्ये उतरविले जाते आणि मग त्याच्या हातून कोणाला लागले तर तो रागीट ठरतो. आमच्या पाहण्यात रागावलेल्या मुलापेक्षा घाबरलेले मूल अधिक जोरात मारते. भीतीला अंतर मोजता येत नाही.

‘मी मुद्दाम नाही मारलं, सर,’ असे मूल म्हणते तेव्हा ते बहुधा खरेच बोलत असते. धम्मात कर्माचे मूळ चेतनेत मानले आहे, त्यामुळे हे वाक्य आम्ही हलके मानीत नाही. परंतु चेतना शुद्ध असूनही समोरच्याचा दात हलतो. चांगला हेतू पावलांत उतरेपर्यंत समोरच्याला त्याचा काहीच उपयोग नसतो.

टोकियो ऑलिंपिकमधील एक लढत या संदर्भात विचार करण्यासारखी आहे. 7 ऑगस्ट 2021 रोजी निप्पोन बुडोकान येथे पुरुषांच्या 75 किलोवरील गटाच्या अंतिम कुमितेत सौदी अरेबियाचा तारेग हामेदी 4-1 असा आघाडीवर होता. त्याची उंच लाथ इराणच्या सजाद गंजजादेह याच्या डोक्याला लागली आणि गंजजादेह शुद्ध हरपून कोसळला. अतिरिक्त आघाताबद्दल हामेदी बाद ठरला. स्ट्रेचरवरून नेलेल्या गंजजादेहला सुवर्णपदक मिळाले. पडलेला जिंकला आणि पाडणारा हरला, हे अनेकांना विपरीत वाटले. आम्हाला निर्णय योग्य वाटतो, पण नियमाची मर्यादाही त्यातच दिसते. हामेदीच्या मनात दुष्टावा होता असे म्हणण्यास कसलाही आधार नाही. नियम लाथ बसल्यानंतर बोलला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘द बुद्धा अँड हिज धम्म’ या ग्रंथात तत्त्व आणि नियम यांत भेद केला असून बुद्धाची अहिंसा हे तत्त्व आहे, नियम नव्हे, असे मांडले आहे. नियम पंचाच्या हाती असतो. तत्त्व माणसाला लाथ उचलण्यापूर्वी स्वतः वापरावे लागते.

काही कराटेकांना हा सारा नाजूकपणा वाटतो. न लागणाऱ्या ठोशांनी खोटा आत्मविश्वास येतो, असे त्यांचे म्हणणे आहे, आणि त्यात तथ्य आहे. पण पूर्ण आघाताच्या क्योकुशिन पद्धतीच्या स्पर्धांतही चेहऱ्यावर मुठीने मारण्यास मनाई आहे. मर्यादा तेथेही आहे. ती वेगळ्या जागी आखली आहे, इतकेच.

निवासी शाळेत या गोष्टीला आणखी एक बाजू येते. बाहेरच्या क्लासमधील जोडीदार तासानंतर आपल्या घरी जातो. येथे संध्याकाळी ज्याच्याशी कुमिते केले, त्याच्याच शेजारी पंगतीत बसायचे असते, रात्री त्याच्याच शेजारी अंथरूण टाकायचे असते. सहावीतल्या किडकिडीत मुलाने दहावीतल्या दांडग्या मुलासमोर उभे राहून आपले शरीर सरावासाठी त्याच्या हवाली केलेले असते. नमस्कार, ज्याला कराटेत ‘रेई’ म्हणतात, तो या विश्वासाची पोच आहे. घाईघाईने मान हलवून तो उरकला जातो, हे आम्हाला खटकते. नळावर रांगेत भांडण झालेल्या दोन मुलांना त्याच दिवशी मुक्त कुमितेत समोरासमोर उभे करू नये, असेही आमचे मत आहे. त्यांना ठरलेल्या पावलांचा सराव द्यावा.

मुलींसाठी शासनाच्या योजनेतून तीन महिन्यांचे स्वसंरक्षण प्रशिक्षण दिले जाते. ते हवेच. आपल्या समाजातील मुलींना अंगावर आलेला हात झटकता आला पाहिजे, याविषयी आमच्या मनात शंका नाही. मात्र तेवढ्या अवधीत मारणे शिकता येते, थांबणे नव्हे; त्याला वर्षे लागतात. म्हणून निवासी शाळांनी ही योजना संपली की वर्गही संपला, असे समजू नये.

स्नेहसंमेलनात कौले फोडण्याचे प्रात्यक्षिक होते, टाळ्या पडतात. कौलाला दुखत नाही, त्यामुळे त्यात संयमाची कसोटी नाही. आमची सूचना आहे की त्याऐवजी गोहोन कुमिते दाखवावे, पूर्ण वेगाने आणि प्रेक्षकांना अंतर दिसेल इतक्या जवळून. आणि पट्ट्याच्या परीक्षेत परीक्षकांनी उमेदवाराच्या जोडीदारालाही बाजूला बोलावून एक प्रश्न विचारावा : याच्यासमोर पुन्हा उभा राहशील का? उत्तर नाही असे आले, तर त्या वर्षी पट्टा देऊ नये.