काट्यावरचं वजन, वळणावरचं वजन

कुंडलच्या क्रांती कारखान्यावर उसाची ट्रॉली काट्यावर चढली की एकच आकडा दिसतो. कोणत्या चाकावर किती भार, ते त्यात कळत नाही. शर्यतीच्या मोटारीला मात्र चारही चाकांखाली वेगवेगळे काटे लावतात. तरी ते उभ्या गाडीचं वजन. धावताना भार सारखा सरकतो, म्हणून सस्पेन्शनच्या दांड्यांवर स्ट्रेन गेज चिकटवतात. दांडी ताणली की गेजमधली बारीक तार ताणते, तिचा विजेला होणारा विरोध वाढतो आणि त्यावरून भार काढतात. इलेक्ट्रॉनिक वजनकाट्याच्या पोटातही हेच गेज असतं, हे मुलांना आधी खरंच वाटत नाही!

आम्ही फळ्यावर हिशेब मांडतो. गाडी १००० किलोची, पुढच्या-मागच्या चाकांत अडीच मीटर अंतर, गुरुत्वमध्य अर्धा मीटर उंच. दर सेकंदाला वेग ५ मीटरने उतरेल असा ब्रेक दाबला, तर मागचा सुमारे १०० किलो भार पुढच्या चाकांवर जातो. गुरुत्वमध्य वर गेला की हा आकडा वाढतो. वळणावर तसाच भार बाहेरच्या चाकांवर पडतो.

ईदला टपावर बॅगा बांधून निघणाऱ्या भाईजानांनी त्या आधी डिकीत घ्याव्यात. टायरमध्ये हवाही दारावरच्या पट्टीवर भरल्या गाडीसाठी दिली असेल तेवढीच भरावी.