सुरी कोणाची, ताट कोणाचे?

अमेरिकेत शिकारीच्या हंगामात परवाना काढून हरीण मारणारे अनेक जण हल्ली त्या मांसाचे घरच्या घरी कोरियन पद्धतीचे बार्बेक्यू करतात. कोरियन मालिकांमुळे आपल्या शहरांतल्या तरुणांनाही या खाण्याची ओढ लागली आहे. खाण्यापिण्याच्या गोष्टीत विचार कसला करायचा, असे कोणी म्हणेल. पण ज्यांच्या ताटावरून त्यांची पायरी ठरवली गेली, त्यांनी तरी असे म्हणू नये.

कृती सोपी आहे. रानातल्या हरणाच्या मांसात चरबी फार कमी असते आणि जी असते ती जिभेवर मेणासारखी चिकटते, म्हणून काढून टाकतात. मांस अर्धवट गोठवून धाग्यांच्या आडवे, अगदी पातळ कापायचे. सोया सॉस, लसूण, साखर, तिळाचे तेल आणि किसलेले नाशपाती यांत मुरवायचे. नाशपातीने मांस मऊ पडते. मग कडक तापलेल्या लोखंडी तव्यावर मिनिट-दोन मिनिटे, बस्स. जास्त ठेवले की चामडे होते. ही बुलगोगी लेट्यूसच्या पानात भात आणि आंबवलेल्या सोयाबीनच्या चटणीबरोबर गुंडाळून खातात. रानडुकराचे मांस मात्र आतपर्यंत शिजलेच पाहिजे, त्यात कृमी असू शकतात. आणि कोळशाची शेगडी बंद घरात कधीही पेटवू नये.

म्हणजे सारे कसब सुरीत आहे. कोरियात ही सुरी कोणाच्या हातात होती?

गोऱ्यो राजवटीत (९१८ ते १३९२) तेथे बौद्ध धर्म राजमान्य होता. प्राणिहत्या गर्ह्य मानली जाई, पण मांसाहार काही संपला नाही. शिकार, कत्तल आणि टोपल्या विणणे ही कामे गावाबाहेरच्या भटक्या गटांची झाली. बौद्ध म्हणून मला ही गोष्ट झोंबते. अहिंसेचा नियम पाळल्याचे समाधान एकाने घ्यायचे आणि रक्त दुसऱ्याच्या हाताला लावायचे, हा धम्म नव्हे. पुढची चोसन राजवट कन्फ्यूशियसच्या विचारांवर चालणारी होती. तिने ही उतरंड आणखी पक्की केली. १४२३ साली राजा सेजोंगच्या काळात या लोकांना ‘पेकजोंग’ हे नाव मिळाले. त्याचा तेव्हाचा अर्थ सामान्य प्रजाजन. वागणूक बदलली नाही, उलट ते नावच शिवी झाले. ‘हरिजन’ या शब्दाचा अनुभव असलेल्यांना हे वेगळे सांगायला नको. पेकजोंगाने रेशीम घालायचे नाही, कौलारू घर बांधायचे नाही, दुसऱ्याच्या लहान पोरालाही आदरानेच बोलायचे. त्याने कापलेले मांस मात्र सरदाराच्या पंक्तीला चाले!

१८९४ च्या सुधारणांनी हा भेद कायद्याने रद्द केला. पण कागदावर रद्द झालेली गोष्ट गावात किती जिवंत राहते हे आपण जाणतो. एप्रिल १९२३ मध्ये चिंजू शहरात ‘ह्योंगप्योंगसा’ ही संघटना उभी राहिली. पेकजोंगांच्या मुलांना शाळेत घेत नव्हते, हे तिच्यामागचे एक कारण. जांग जी-पिल हे पेकजोंग आणि कांग सांग-हो हे उच्चकुलीन सुधारक तिच्या संस्थापकांत होते. नावातला ‘ह्योंग’ म्हणजे तराजूची दांडी. मांस तोलणाऱ्यांनी आपल्याच तराजूला समतेचे चिन्ह केले. यावर विरोधकांनी काय केले? गोमांस विकत घेऊ नका, असा बहिष्कार पुकारला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला. पुढे महाडला काय घडले ते वाचकांना ठाऊक आहेच. आज बार्बेक्यूच्या हॉटेलांना ‘पेकजोंग’ हे नाव मिरवायला लाज वाटत नाही, याला मी प्रगतीच म्हणेन.

आता अमेरिकेतल्या त्या स्वयंपाकघराकडे पुन्हा पाहू. तेथे शिकार केलेल्या हरणाचे मांस विकायला कायद्याने बंदी आहे. हॉटेलात मिळते ते पाळीव हरणांचे. त्यामुळे ज्याला रानातले हरीण खायचे आहे त्याला बहुधा स्वतःच मारावे, सोलावे, कापावे लागते. हौसेखातर जीव घेणे मला पटत नाही. तरीही त्या घरात मारणारा, कापणारा आणि खाणारा एकच आहे, घाण काम दुसऱ्या जातीवर ढकललेले नाही, हे मान्य करावे लागते.

आपल्याकडे मात्र हा प्रयोग कोणी करू नये. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ९ ने शिकारीला बंदी आहे आणि कलम ३९ नुसार वन्य प्राण्याचे मांस सरकारची मालमत्ता ठरते. ते जवळ बाळगले तरी गुन्हा. बुलगोगी खायचीच असेल तर बोकडाच्या मांडीचे मांस तसेच पातळ कापून चालते. कायदा योग्यच आहे, जंगल राखलेच पाहिजे. पण संस्थानिकांनी मारलेले वाघ वाड्याच्या भिंतींवर शोभेला लागले आणि फासे लावून तितर-लावे धरणारा पारधी १८७१ च्या कायद्याच्या छायेत जन्मजात गुन्हेगार ठरला. तो कायदा १९५२ साली गेला, संशय गेला नाही. रानातले मांस फार्महाऊसवर चवीने मागवणारेही असतात. पारध्याचा खटला हाती आला की आपल्या वकील मित्रांनी पहिला प्रश्न हाच विचारावा की, आरोपपत्रात मांस विकत घेणाऱ्याचे नाव कुठे आहे?