काचेच्या कपाटाचा देव्हारा

घर सुंदर असावे की नसावे, हा वाद आता कोणी घालीत नाही. सुंदर म्हणजे काय, हेही जणू कायमचे ठरून गेले आहे. दिवाणखान्यात भिंतीएवढे काचेचे कपाट, त्यात न वाजणारी सतार, न कोमेजणारी फुले आणि कोणी न उघडलेले जाड ग्रंथ असले, की गृहस्थ सुसंस्कृत ठरला! या समजुतीविरुद्ध आम्हांस चार कठोर शब्द लिहावयाचे आहेत.

प्रसंग साखरखेर्ड्याचा. 1724 साली निजामुल्मुल्काने मुबारिजखानाचा येथे पराभव केला, तेवढ्यापुरते हे वऱ्हाडातील गाव इतिहासाच्या पुस्तकांत सापडते. गतवर्षी तेथे एका आप्तांकडे आमचे जाणे झाले. जुने माळवदाचे घर पाडून त्यांनी नवे बांधले आहे. जुन्या घरात ढेलजेतून आत शिरताच एक देवळी दिसे. तीत पितळेची समई, आणि खाली सारवलेल्या जमिनीवर रोज सकाळी चार बोटांची रांगोळी. समईची कड एका बाजूस किंचित चेपलेली होती. ती कोणाच्या लग्नात, कोणाच्या हातून पडली, ही कथा घरातील लहान मुलासही पाठ असे. या खेपेस समई दिसली नाही. मोडीच्या भावाने वजनावर गेली, असे कळले. आता कपाटात विजेचा एक रंगीत दिवा बसविला आहे. घरच्या नातवाने मोठ्या हौसेने खटका दाबून तो आम्हांस दाखविला. "हा कोणी आणला रे, बाळ?" असे विचारता तो म्हणाला, "दुकानातून आणला, आजोबा." याहून अधिक सांगण्यासारखे त्याच्यापाशी काही नव्हते, आणि दोष त्याचा नव्हे.

आम्ही केवळ जुन्याचे भाट आहोत, असे कोणी समजू नये. राजा रविवर्म्याने 1894 साली मुंबईत छापखाना काढला, तेव्हा त्यातून निघणाऱ्या लक्ष्मी-सरस्वती नव्याच होत्या. यंत्रातून निघालेल्या, हजारोंनी सारख्या. कलामर्मज्ञांनी त्यांस पाहून नाके मुरडली. परंतु ते चित्र घरात आले, त्याच्या काचेवर कुंकवाचे बोट टेकले, दसऱ्यास झेंडूचा हार पडला, आणि ते त्या घरचे झाले. आत्म्यास पोसणारे सौंदर्य वस्तूच्या किमतीत नसते, कारागिरीतही सर्वस्वी नसते. तिच्यावर रोज कोणाचा तरी हात फिरतो, त्या फिरण्यात असते. कपाटातील सतारीवर केवळ धूळ फिरते.

'हा सारा मायेचा पसारा. परमार्थास त्याचे काय?' असा एक आक्षेप निघतो. पलसिद्धाचा मठ आणि प्रल्हादमहाराज रामदासी यांचे स्थान ज्या गावात आहे, तेथे तो निघावा हे साहजिकच. परंतु ज्या समर्थांच्या नावाने हे वैराग्य सांगितले जाते, त्यांच्या दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेवर, म्हणजे सुबक अक्षरावर आहे! वेडेवाकडे अक्षर त्या विरक्तास खपत नव्हते.

'गरिबास हे परवडत नाही' हे म्हणणे तर उलटेच. पांढऱ्या मातीने पोतारलेल्या भिंतीस खर्च किती? परवडत नाही ते कपाट.

कवी 'अज्ञातवासी', म्हणजेच दिनकर केळकर, यांनी 1920 च्या सुमारास दिवे, अडकित्ते, कोरीव दरवाजे गोळा करावयास आरंभ केला. दिवंगत पुत्र राजा याच्या नावाने पुण्यात उभे असलेले ते संग्रहालय आम्ही विद्यार्थ्यांसह कितीदा पाहिले! तेथील काच आम्हांस खुपत नाही. लोकांनी टाकले ते तिने राखले. खुपते ते हे, की तेथे समईपुढे तास घालविणारे आम्ही पदवीधर घरी परतून आपली समई मोडीत घालतो.

हे सारे आम्ही त्या आप्तांच्या घरी जेवणानंतर मोठ्या आवेशाने सांगत होतो. घरची सून ताटे उचलता उचलता म्हणाली, "काका, समई घासायची आम्ही, आणि तिच्यावर लेख लिहायचे तुम्ही!"

आम्ही निरुत्तर झालो. आजवर ज्या सौंदर्याची थोरवी आम्ही गाइली, ते दुसऱ्याच्या मनगटावर उभे होते, ही गोष्ट खरी. यावरून समई विकावी असे मात्र निघत नाही. चिंच आणि राख यांस पुरुषाचा हात लागू नये, असे कोणत्या स्मृतीत वाचल्याचे आम्हांस स्मरत नाही. तेव्हापासून आमच्या घरची समई आम्हीच घासतो. पहिल्या दिवशी चिंच कमी पडली.