शून्याव्या मिनिटाची गर्दी

कोणत्याही गजबजलेल्या संकेतस्थळाच्या सर्व्हरवर दोन प्रकारची कामे चालतात. पहिले काम पाहुण्याने मागितलेले असते. दुसरे कोणीही न मागता ठरल्या वेळी आपोआप सुरू होते. डेटाबेसची बॅकअप प्रत घेणे, जुन्या नोंदी काढून टाकणे, शोधसूची नव्याने बांधणे, सभासदांना ईमेल धाडणे ही कामे दुसऱ्या प्रकारात मोडतात. युनिक्स कुळातील संगणकांवर ती 'क्रॉन' हा प्रोग्राम चालवतो. तो १९७९ सालच्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत होता, आणि आज अनेक लिनक्स सर्व्हरांवर चालणारा क्रॉन पॉल विक्सी यांनी १९८७ मध्ये लिहिलेल्या आवृत्तीपासून पुढे आलेला आहे. 'क्रॉनटॅब' या साध्या फाइलमध्ये प्रत्येक कामाची एक ओळ असते आणि तिच्या आरंभी मिनिट, तास, तारीख, महिना व वार अशी पाच घरे असतात.

या पाच घरांपैकी पहिल्या घरात बहुतेक लोक शून्य लिहितात, आणि सर्व्हर मंदावल्याच्या अनेक तक्रारींचे मूळ तिथेच असते. दर तासाचे काम तासाच्या ठोक्याला आणि रोजचे काम रात्री बारा वाजता लावण्याला कोणतेही तांत्रिक कारण नसते. गोल आकडा मनात आधी येतो, एवढेच. परिणामी बॅकअप, सफाई आणि ईमेल ही तिन्ही कामे एकाच क्षणी डिस्कवर तुटून पडतात. तो क्षण सरताच सर्व्हर उरलेला तासभर जवळजवळ रिकामा बसतो.

अशा वेळी व्यवस्थापक ज्या आकड्याकडे पाहतो त्याला 'लोड ॲव्हरेज' म्हणतात. चालू असलेल्या किंवा आपली पाळी येण्याची वाट पाहणाऱ्या प्रक्रियांची ही सरासरी असून ती गेल्या १, ५ आणि १५ मिनिटांसाठी स्वतंत्रपणे दाखवली जाते. मात्र लिनक्स या मोजणीत डिस्कच्या उत्तरासाठी अडून राहिलेल्या प्रक्रियाही धरतो. त्यामुळे प्रोसेसर निवांत असतानाही हा आकडा फुगलेला दिसू शकतो, आणि तो पाहून अधिक ताकदीचा प्रोसेसर विकत घेणाऱ्याचा खर्च वाया जातो.

भारतीय संकेतस्थळांच्या बाबतीत यात आणखी एक गुंता आहे. क्लाउडवरील सर्व्हरांचे घड्याळ सहसा जागतिक प्रमाणवेळेवर लावलेले असते आणि ती भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे चालते. म्हणून कोणा परदेशी मार्गदर्शिकेतून 'पहाटे तीन' ही शांत वेळ जशीच्या तशी उचलली, तर ते जड काम भारतात सकाळी साडेआठला, म्हणजे लोक बातम्या वाचत असताना सुरू होते.

दुसरा धोका कामे एकमेकांवर चढण्याचा. आधीची फेरी संपली की नाही, हे क्रॉन विचारत नाही. दर पाच मिनिटांनी चालणारे काम एखाद्या दिवशी सात मिनिटे रेंगाळले, तर दुसरी प्रत पहिलीच्या शेजारी सुरू होते, दोघीही मंदावतात आणि तिसरी येऊन मिळते. 'फ्लॉक' या छोट्या आज्ञेने कुलूप लावले की हे टळते, तरी ती ओळ लिहिण्याचा कंटाळा सार्वत्रिक आहे. संकेतस्थळे चालवणाऱ्या वर्डप्रेस या प्रणालीची तऱ्हा तर याहून वेगळी: त्याची नियोजित कामे मुळात पाहुण्याच्या भेटीवर अवलंबून असतात, त्यामुळे ओस संकेतस्थळावर ती रखडतात आणि गजबजलेल्या संकेतस्थळावर ऐन गर्दीत चालतात. ती सोय बंद करून हे काम खऱ्या क्रॉनकडे सोपवणे केव्हाही बरे.

वेळा विखुरण्याची साधने जुनी आणि फुकट आहेत. कामे आपोआप चालवणाऱ्या जेन्किन्स या प्रणालीत आकड्याऐवजी 'एच' हे अक्षर लिहिले की कामांना सहसा निरनिराळी मिनिटे मिळतात, आणि लिनक्समधील सेवा सांभाळणाऱ्या सिस्टमडीच्या टायमरमध्ये यादृच्छिक विलंब नेमून देता येतो. गूगलच्या अभियंत्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात आपल्या क्रॉनमध्ये प्रश्नचिन्हाची सोय केल्याचे नोंदवले आहे. ते लिहिणारा 'कोणतीही वेळ चालेल' असे सांगतो आणि वेळ यंत्रणा निवडते. तासाच्या आरंभी भार जास्त असल्याने नियोजित कामांना उशीर होऊ शकतो, असा इशारा प्रोग्रामांचा कोड साठवणारी गिटहब ही सेवाही आपल्या वापरकर्त्यांना देते.

माणसांची गर्दी इतक्या सहज विखुरता येत नाही. दहावीचा निकाल जाहीर झालेल्या वेळीच पाहिला जाणार. तत्काळ तिकिटांसाठी रेल्वेने २०१५ पासून वातानुकूलित वर्गाचे आरक्षण सकाळी १० वाजता आणि इतर वर्गांचे ११ वाजता उघडले, तेव्हा कुठे एक लाट दोन लाटांत विभागली गेली, आणि त्यासाठी धोरण बदलावे लागले. क्रॉनटॅबमधला शून्य बदलायला मात्र कोणाचीही परवानगी लागत नाही. म्हणून सार्वजनिक पैशातून नवे सर्व्हर मागणाऱ्या प्रत्येक कार्यालयाने प्रस्तावासोबत चालू क्रॉनटॅबची प्रत जोडावी, आणि तिच्यातली सर्व कामे शून्याव्या मिनिटावर दिसली, तर मंजुरी देणाऱ्याने तो प्रस्ताव परत पाठवावा.